शनि-रवि दुपारी : धाकटी

आमच्या थिएटरात सिनेमा फक्त शनिवार-रविवारी लागतो. बाकीचे पाच दिवस तिथे झाडू फिरतो आणि मी फिरते. खुर्च्या एकशे बारा. त्यातल्या चाळीस भरल्या की माझी सून खूश. सिनेमे तीच निवडते. शिकलेली आहे, जाडजूड मासिकं वाचते, आणि शोधून शोधून असे सिनेमे आणते की ज्यात एक माणूस अर्धा तास खिडकीबाहेर बघतो आणि बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आमच्या वेळी असा माणूस पडद्यावर आला असता तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या. पण थिएटर चालतंय. नवऱ्याच्या मागे मी ते बंद पडू दिलं नाही, एवढं मला पुरे.

माझं काम दोन जागी. एक तिकिटाची खिडकी, दुसरा रस्त्याकडच्या भिंतीवरचा फळा. फळ्यावर वार-वेळा रंगाने कायमच्या लिहिलेल्या आहेत. ‘शनि सकाळी’, ‘रवि सकाळी’, ‘शनि-रवि दुपारी’. प्रत्येकीपुढे एक लोखंडी पट्टी, आणि पट्टीवर पत्र्याची अक्षरं अडकवायची. ती पट्टी हीच अक्षरांची वरची रेघ. अक्षरं पेटीत असतात, काने-मात्रे-वेलांट्या वेगळ्या डब्यात. दर गुरुवारी सून कागदावर नावं लिहून देते आणि मी शिडीवर चढून ती लावते. शाळा मी दुसरीत सोडली. पण प्रत्येक अक्षर हाताला माहीत आहे. ‘ह’चा पत्रा बोट कापतो, ‘ळ’ गंजलाय, ‘क्ष’ गेली कित्येक वर्षं कुणी मागितलेला नाही.

त्या गुरुवारी तीन नावं होती. ‘राखाडी पहाट’, ‘वाळूचा आवाज’ आणि ‘धाकटा’. पहिल्याला तीन काने लागले, दुसऱ्याला चार. शेवटच्या ओळीला आले तेव्हा डब्यात एकच काना उरला होता. तो ‘धा’ला दिला. पुढे ‘क’ लावला, ‘ट’ लावला आणि डबा उलटा केला. काना नाही. दुसऱ्या वेलांट्या मात्र पसाभर. ‘धाकट’ असं बोडकं ठेवलं तर कसंतरीच दिसत होतं. म्हटलं, काना काय आणि वेलांटी काय, काठी दोघांनाही आहे, एकीच्या डोक्यावर टोपी, एवढाच फरक. वेलांटी अडकवली आणि खाली उतरले.

खालून एकेक अक्षर लावून वाचलं. धा-क-टी. मग शिडी आत नेली.

सुनेने संध्याकाळी पाहिलं. “आई, ‘धाकटा’ आहे ते. तुम्ही मुलाची मुलगी केलीत.”

“काने संपले.”

“मग मला सांगायचं. मी कागदाचा कापून चिकटवला असता.”

“माझ्या फळ्यावर कागद लागत नाही. लोक सिनेमा बघायला येतात, शुद्धलेखन तपासायला नाही. गोष्ट तरी काय आहे त्यात?”

“एका शेतकऱ्याचा धाकटा मुलगा मोडकी सायकल घेऊन डोंगर चढतो.”

“आणि?”

“आणि... चढतो.”

“मग मुलगी चढली तरी काय बिघडतंय?” मी म्हटलं.

शनिवारी दुपारी छत्तीस तिकिटं गेली. त्यात दोघं कायमचे. एक भूमितीचे मास्तर. निवृत्त झाले, पण अजून खिशात पेन्सिल आणि सहा इंची पट्टी ठेवतात आणि दरवेळी पाचव्या रांगेतली मधली खुर्ची मागतात. दुसरी दाताची डॉक्टरीण. एकटी येते, एकटी जाते, मला काकू म्हणते, आणि मी हसले की माझ्या दातांकडे बघते. वर केबिनीत ऑपरेटर. तो माझ्या नवऱ्याच्या वेळचा. मला अजून वहिनी म्हणतो. सून आत शेवटच्या रांगेत बसली. मी खिडकीत.

सिनेमा चालू असताना मी आत जात नाही. सव्वीस वर्षं गेलेली नाही. का, ते पुढे येईल.

बाहेर मला नुसता आवाज येतो, तोही दाराच्या पडद्याआडून. त्या दिवशी आवाज असा काही नव्हताच. मध्येच कुठेतरी पत्रा पत्र्यावर आपटल्यासारखं वाजायचं. फळ्यावर अक्षर लावताना वाजतं ना, तसं. मी उठून फळा बघून आले. सगळी अक्षरं जागच्या जागी होती.

सिनेमा सुटला. अशा सिनेमानंतर लोक एकतर भांडत बाहेर येतात नाहीतर मुक्याने. त्या दिवशी ते बाहेर आले, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले आणि मान वर करून आमच्या इमारतीकडे बघत उभे राहिले. आम्ही थिएटरच्या वरच राहतो. छत्तीस माणसं आमच्या खिडक्या बघत होती. मला ते आवडलं नाही.

मास्तर परत आले. “मालकीणबाई, सिनेमात हीच इमारत आहे, हे तुम्ही बोलला नाहीत.”

“कुठल्या सिनेमात?”

“आत्ताच्या. ती टोकाची खिडकी. सात गज आहेत, तिसरा वाकलेला. मुलगी तिथेच बसलेली असते.”

“मुलगी नाही हो, मुलगा. सायकलवाला.”

मास्तरांना चूक बोलण्यापेक्षा गप्प बसणं परवडतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “सायकल नव्हती,” म्हणाले.

डॉक्टरीण मागे उभी होती. “सबंध वेळ पाठमोरी बसलीय, काकू. वेणी घालते, सोडते, परत घालते. खाली एक बाई शिडीवर उभी राहून अक्षरं लावत असते. तिचंही तोंड दिसत नाही. वेणी घालताना मुलगी काहीतरी मोजते.”

“पायऱ्या,” मास्तर म्हणाले. “एकोणीसपर्यंत मोजते आणि थांबते.”

“मी उद्या परत येणार आहे,” डॉक्टरीण म्हणाली. “तोंड दाखवते का बघायला.”

“या,” मी म्हटलं. “तिकीट मात्र दोन्ही दिवसांचं वेगळं.”

दोघं गेले. आमच्या मागच्या जिन्याला एकोणीस पायऱ्या आहेत. टोकाच्या खोलीत आता जुनी पोस्टरं ठेवलेली असतात.

मला दोन मुलं. हे दोन शब्द मी सव्वीस वर्षांत कुणापुढे उच्चारलेले नाहीत. मला एक मुलगा, असंच सांगत आले. मुलगा थोरला. तो बाहेरगावी नोकरीला आहे, महिन्यातून एकदा येतो. धाकटी लेक होती. तिसरा गज तिनेच वाकवला, लहानपणी त्यातून डोकं बाहेर काढायच्या नादात. एकोणीस वर्षांची झाली तेव्हा मी तिला या तिकिटाच्या खिडकीत बसवायचं ठरवलं होतं. तिने मला न विचारता नर्सिंगच्या शाळेचा फॉर्म भरला, तोही परगावचा. मी तो फाडला. तिने दुसरा आणला.

शनिवार होता, दुपारचा खेळ चालू होता. पुढच्या जिन्याच्या तोंडाशी मी बसले होते म्हणून ती पिशवी घेऊन मागच्या जिन्याने उतरली आणि आतून, प्रेक्षकांमधून गेली. मी तिच्या मागे आत गेले आणि दारात म्हटलं, गेलीस तर मला परत हाक मारायची नाही. मारलीस तरी मी ओ देणार नाही. ती गेली. बाहेरून तिने हाक मारली. ‘आई.’ मग पुन्हा एकदा, ‘आई.’ आतल्या अंधारात बसलेल्या लोकांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. मी ओ दिली नाही.

नर्सिंगच्या शाळेत ती पोचलीच नाही, हे नवऱ्याला महिन्याभराने कळलं. त्याने दोन वर्षं शोधलं. मी शोधलं नाही. मुलाला तंबी दिली की या घरात तिचं नाव निघता कामा नये. तोही माझाच मुलगा, त्याने ती पाळली. सून घरात आली तेव्हा तिला नणंद नव्हती.

संध्याकाळ व्हायच्या आत सून आणि ऑपरेटर खिडकीशी आले. दोघांचं जुंपलेलं होतं.

“आई, प्रत दुसरीच आलीय. मी घरी पाहिला तो सिनेमा हा नव्हे.”

“डब्यावर नाव बरोबर आहे,” ऑपरेटर म्हणाला. “आणि मी पूर्ण वेळ काचेतून बघत होतो. सायकल आहे, डोंगर आहे, मुलगा आहे. शेवटी पाऊस पडतो.”

“पाऊस कुठे होता? मी हॉलमध्ये बसले होते!”

“मी केबिनीत होतो.”

सुनेने सिनेमा पाठवणाऱ्यांना फोन लावला. ते म्हणाले, या सिनेमाची थिएटरात लावायची एकच प्रत आहे, ती तुमच्याकडेच आहे. तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली.

“इथे कधी शूटिंग झालं होतं का?”

“नाही.”

“आई, तो जिना आपला आहे. ती खोली आपली आहे. कोण आहे ती मुलगी?”

मी तिकिटांचे उरलेले तुकडे गोळा करत होते. “काने संपले म्हणून वेलांटी लावली,” मी म्हटलं. “त्यात कोण कशाला असायला हवं?”

ऑपरेटर जमिनीकडे बघत होता. त्याला माहीत होतं. तो त्या दिवशीही केबिनीतच होता. सून वर गेल्यावर तो हळूच म्हणाला, “वहिनी, मला मुलगाच दिसतो. शपथेवर सांगतो.”

“मी काही विचारलंय का तुला?”

“नाही विचारलंत.”

रविवारी सकाळी ‘वाळूचा आवाज’ व्हायच्या आधी मी शिडी बाहेर काढली. ती वेलांटी काढून टाकायची होती. डब्यात हात घातला तर वेलांट्यांच्या वरच एक काना. मी वर चढून फळ्यावरचे काने मोजले. आठ. पूर्वीपासून आमच्याकडे आठच. हा नववा. पत्रा नवा नव्हता, रंग आमचाच होता, कोपऱ्यात गंजही होता. तो काना हातात घेऊन मी ‘टी’समोर बराच वेळ उभी राहिले. खालून दोघं-तिघं बघत होते.

काना खिशात टाकला आणि खाली उतरले. फळ्याला हात लावला नाही.

दुपारी एकेचाळीस लोक आले. शनिवारचे छत्तीसच्या छत्तीस, आणि पाच नवे. मी तिकिटं दिली, खिडकी लावली, कुलूप घातलं. सुनेला म्हटलं, “सरक.” ती माझ्याकडे बघत बघत सरकली. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसले.

दिवे गेले.

पडद्यावर डोंगर आला. डोंगराच्या पायथ्याशी एक मुलगा, हातात सायकल, मागचं चाक वाकडं. तो चढायला लागला. चाक कुईकुई करत होतं. मी मनात म्हटलं, चला, झालं. प्रत बरोबर आहे, लोक वेडे आहेत.

मग मी लोकांकडे पाहिलं.

कुणीही डोंगराकडे बघत नव्हतं. डोंगर पडद्याच्या डावीकडे होता, मुलगा डावीकडे होता. लोकांच्या माना सगळ्या उजवीकडे, वरच्या कोपऱ्याकडे लागलेल्या. तिथे मला नुसतं राखाडी आभाळ दिसत होतं. मास्तरांची बोटं हलत होती, ते काहीतरी मोजत होते. डॉक्टरीण पुढे वाकलेली होती. सुनेने पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

मी तिला कोपराने ढोसलं. “काय दिसतंय?”

“गप्प बसा,” ती म्हणाली. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती मला असं बोलली. मी पडद्याकडे वळले.

मुलाने सायकल आडवी ठेवली. साखळी पुसायला घेतली. आवाज कसलाच नव्हता.

सबंध हॉलने एकदम श्वास घेतला.

मुलगा साखळी पुसत होता.

पहिल्या रांगेतल्या कुणीतरी मान वळवली. मग दुसऱ्या. मग सगळ्यांनी. एकेचाळीस चेहरे, पडद्याच्या उजेडात अर्धे पांढरे, माझ्याकडे बघत होते. कुणी रागावलेलं नव्हतं. वाट बघत होते, एवढंच.

मी ओठ मिटून घेतले. दातांवर दात ठेवले. खुर्चीचा हात धरला.

मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

चेहरे तसेच राहिले. मग हळूहळू, एकेक करून, ते पुन्हा पडद्याकडे वळले. कुणीतरी रडलं. सुनेने माझा हात धरला. तिचा हात गरम होता.

पडद्यावर पाऊस पडायला लागला.

दिवे लागल्यावर लोक उठले आणि माझ्या खुर्चीजवळून एकेक करत गेले. काहींनी मान लववली. मास्तर थांबले.

“बरं केलंत,” ते म्हणाले.

“काय?”

“ओ दिलीत ते. तिने दोनदा हाक मारली तेव्हा तुम्ही गप्प होतात. मला वाटलं, तिसऱ्यांदा काही ती मारत नाही. पण मारली.”

“मी तोंड उघडलेलं नाही.”

मास्तरांनी माझ्याकडे एखाद्या चुकलेल्या आकृतीकडे बघावं तसं पाहिलं. “सगळ्यांनी ऐकलं, मालकीणबाई.”

“तिने वळून पाहिलं,” डॉक्टरीण म्हणाली. “पुढच्या वरच्या दाताचा कोपरा उडालेला आहे. लहानपणी पडली होती का? वेळीच दाखवला असता तर भरता आला असता.”

नऊ वर्षांची असताना ती मागच्या जिन्यावरून पडली होती. दाखवायला नेलं नाही. म्हटलं होतं, दात आहे, बाहुली नाही.

“मग पुढे?” मी विचारलं.

“पुढे काही नाही,” डॉक्टरीण म्हणाली. “तुम्ही ओ दिलीत, ती उठली. वेणी पुरी केली आणि पायऱ्या उतरायला लागली. एक, दोन, तीन. ती खाली पोचली आणि सिनेमा संपला.”

ऑपरेटर केबिनीतून खाली आला. त्याच्या हातात डबा होता.

“तुला काय दिसलं?” मी विचारलं.

“सायकल, वहिनी. पाऊस.”

“आणि ऐकलंस काय?”

त्याने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “काच बंद होती. मशीन चालू होतं.” मग म्हणाला, “पण तुमचा आवाज मी तीस वर्षं ऐकतोय.”

सुनेला मी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे तिने विचारलं आणि मी नाही म्हटलं नाही. तिने नाव विचारलं, तेही सांगितलं. मी ओ दिली नव्हती, हेही सांगितलं. ती म्हणाली, “आई, मी तुमच्या शेजारी बसले होते.” मला माझं तोंड ठाऊक आहे. ते उघडलं असतं तर सगळ्यात आधी मला कळलं असतं. द्यावीशी वाटली होती का, ते मात्र मला कुणी विचारू नये.

सोमवारी मी फळा उतरवला. प्रत ज्यांची होती त्यांच्याकडे गेली. पुढच्या शनिवारचे सिनेमे लागले, त्यातल्या एकात एका म्हाताऱ्याने दीड तास मासे धरले आणि एकही सापडला नाही. लोकांना फार आवडला. मास्तरांनी पाचव्या रांगेतली मधली खुर्ची मागितली. सगळं नेहमीसारखं.

परवा दुपारी मी हॉलमध्ये खुर्च्यांच्या फाटक्या गाद्यांना टाके घालत होते. एकटीच. तोंडात पाच-सहा टाचण्या धरल्या होत्या. सुनेने वरून हाक मारली, “आई!” जेवायची वेळ झाली होती. टाचण्या काढून बोलेपर्यंत ती पुन्हा हाक मारेल म्हणून मी हातातला टाका पुरा करायला घेतला. तिने पुन्हा हाक मारली नाही.

पाच मिनिटांनी ती जिन्याने खाली आली. हाताला पीठ लागलेलं होतं.

“ओ देता, मग येत का नाही? गार होतंय सगळं.”

मी टाचण्या तळहातावर काढल्या. मोजल्या. सहा होत्या.

“काय म्हटलं मी?” मी विचारलं.

“ओ म्हणालात. मग ‘आलो’ म्हणालात.” ती हॉलमध्ये इकडेतिकडे बघत होती. “नेहमी ‘आले’ म्हणता. मला वाटलं, तुमच्याबरोबर कुणीतरी आहे. मी एक ताट जास्त घेतलंय.”

“असू दे ते ताट,” मी म्हटलं.

सून जिन्याकडे गेली आणि चढायला लागली. मी पायरीच्या बाजूला अंग चोरून उभी राहिले, थोडी वाट दिली, आणि सगळ्यांच्या शेवटी चढले.